पोश्याचा हंडा आणि माझी संमती

गावदेवाची आण, वाघोबाची आण, आणि माझ्या तंबाखूच्या डबीची आण! यातला शब्द न् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर ही डबी मला परत उघडता येऊ नये. आता गप बसून ऐका, मधी खोकू नका.

दोन हजार तीन सालचा वैशाख. आमच्या सूर्यमाळच्या डोंगरावर पाणी असं आटलं होतं, की दरीतली माकडं घरोघर येऊन पाणी मागायची. तांब्या न्यायची आणि परत आणून द्यायची नाय. माझा पितळेचा तांब्या अजून त्यांच्याकडंच हाय.

अशात मोखाड्याच्या संस्थेतला उमेश फटफटीवर एका पोरीला घेऊन आला. शाल्मली तिचं नाव. मुंबईला वकिलीचं शिकत होती. अंगापेक्षा मोठी पिशवी, आणि काखेत विकतच्या पाण्याची बाटली. बाटली अशी धरलेली, जसं काय तान्हं पोर. इथलं पाणी तोंडाला लावू नको, असं तिच्या आईनं बजावून पाठवलेलं.

"फागीआजी, ही तुमच्याकडं राहील," उमेश म्हणाला. "इंटर्नशिपला आलीय. मानवी हक्कांचं काम शिकायला."

मी इचारलं, म्हंजे काय करायचं असतं? तर उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसऱ्याच्या घरी राहायचं आणि तिथं काय चुकतंय ते बघायचं. आमच्यात हे काम सासू करते. बाराही महिने, आणि कॉलेजात न जाता.

तिला जबरदस्तीच्या लग्नांचं काम दिलं होतं. कोणाचं लगीन मनाविरुद्ध होतंय ते हुडकायचं. ती आली तवा माझ्याच दारात मांडवाच्या मेढी रोवत होते. पोरीचे डोळे चमकले.

"आजी, कोणाचं लग्न आहे?"

"माझं."

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं. मंग बाटलीतलं घोटभर पाणी प्याली. "आणि नवरा?"

"तो काय. कोंबडीमागं धावतोय तो."

आता तुम्हाला सांगते. आमच्यात पोरगी आधी नांदायला येते, लगीन मागाहून, जमेल तवा. कोणाचं वर्षानं, कोणाचं पोरं मोठी झाल्यावर. माझं राहूनच गेलं. लेक झाला, लाडक्या. त्यानं सुकरीला घरात आणली, त्यांचं बी राहिलं. पण नातीला, आमच्या रंगूला, जगननं मागणी घातली आणि जगनची आय अडून बसली. "आम्हाला हळदीचं लगीन पायजे, ते बी पावसाआधी. नाय तर खोडाळ्याची पोरगी तयार हाय." रंगूचा तर जगनवर जीव. आणि रीत अशी, की आई-बापाला हळद लागल्याबिगर पोरीला लागत नाय. पण लाडक्याला कशी लागणार? त्याच्या आई-बापाला, म्हंजे मला न् पोश्याला, लागलीच नव्हती ना! म्हणून एकाच मांडवात तीन लग्नं. पहिला नंबर माझा. मी पाटावर नाय बसले, तर मागची सगळी रांग उभीच.

शाल्मली माझ्याजवळ सरकली. हळूच म्हणाली, "आजी, खरं सांगा. तुमच्यावर कोणी जबरदस्ती करतंय का? तुमची संमती घेतली का कोणी?"

मला जन्मात कोणी असं इचारलं नव्हतं. माझ्या बापानं नाय, पोश्यानं नाय. माझ्या अंगात अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मी पदर डोळ्याला लावला.

"नाय गं बाय. कोणीच नाय घेतली."

पोरगी ताडकन उठली. थोड्या येळात म्होवाच्या झाडाखाली सगळा पाडा गोळा. पोश्याला मधी बसवला.

"आजोबा, लग्नाला यांची संमती नाही."

"कोणाची?"

"या आजींची."

पोश्यानं विडी दगडावर घासून विझवली. "एवढी वरसं माझ्या घरात भाकर खाल्ली, तवा कुठं गेली होती संमती?"

"भाकर मी थापली," मी म्हटलं. "खाल्ली तू."

"अन् पोर झालं ते?"

"आजोबा, ते वेगळं," शाल्मली लाल होत म्हणाली.

"असं? मुंबईला वेगळं होतं काय?"

बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. लाडक्या तेवढा कावला. "आये, पुरे झाली तुझी नाटकं. धवलेरीला सांगून ठेवलंय."

धवलेरी म्हंजे लगीन लावणारी. आमच्यात ते काम बाईचं. सकू तिथंच बसली होती, माझी लहानपणची मैतरीण. पान चघळत म्हणाली, "नवरी हो बोलली नाय, तर मी गाणं धरणार नाय."

"मंग पायजे काय तुला?" पोश्या ओरडला. "लुगडं?"

"लुगडं नको. दरीतल्या झऱ्यावरून एक हंडा पाणी आण. डोईवर. सगळ्या पाड्याच्या मधून."

आमच्या पाड्यातला पुरुष डोईवर लाकडं घेतो, बकरू घेतो, पेंढा घेतो, प्याल्यावर सगळं आभाळ घेतो. हंडा मात्र घेत नाय. हंडा घेतला की मिशी गळते, असं त्यांना वाटतं.

पोश्या उठून निघून गेला.

रंगूनं मला घरामागं ओढली. "आजे, तुझी मजा होतेय आणि माझं लगीन मोडतंय! डोकरा हटून बसला तर? जगनची आय थांबेल काय?" बोलता बोलता रडायला लागली. मी पदरानं तिचं तोंड पुसलं. पण शब्द तोंडातून गेला होता, तो काय कोंबडीसारखा हाकलून परत आणता येतो?

"रडू नको," म्हटलं. "तुझा जगन तिथंच होता ना? मान खाली घालून ऐकत होता ना? ऐकू दे."

लग्नाच्या दिवसापर्यंत पोश्या माझ्याशी बोलला नाय. जेवला बी नाय. म्हंजे माझ्यासमोर नाय, सुकरीकडं चोरून जेवला. लग्नाच्या सकाळी जगनची आय वऱ्हाड घेऊन अंगणात उभी. "ऊन मांडवावर येईस्तोवर हळद दिसली नाय, तर आम्ही चाललो."

रंगूचं तोंड पांढरंफटक. मी आता म्हणणारच होते, मरू दे तो हंडा, बसते पाटावर. तेवढ्यात पोश्या समोर येऊन उभा.

"चुंबळ दे," म्हणाला.

मी माझीच दिली. कितीक वरसांनी चेपून चेपून माझ्या डोक्याच्या मापाची झालेली. पोश्याला ती टोपीसारखी बसली.

तो दरीत उतरला. आम्ही अंगणात. ऊन सरकत होतं, जगनची आय पायातली पायताणं सारखी करत होती. मंग खालून हसण्याचा गलका आला. "पोश्याबाय, कोणत्या घरी दिली गं तुला?" पोरं मागून शिट्ट्या वाजवतायत आणि पोश्या मधून चाललाय, मान ताठ. चढावर वाघ आडवा आला होता. त्यानं पोश्याच्या डोईवरचा हंडा बघितला, बाजूला झाला आणि मान खाली घातली.

हंडा काठोकाठ भरलेला. एक थेंब सांडला नाय. पोश्या मात्र घामानं चिंब, मिशीपासून टाचेपर्यंत धारा.

हंडा उतरवायला मी गेले. मंग शाल्मली धावली. दोघींनी मिळून उतरवला. "उई माय, केवढा जड!" मी कण्हले. ती बी कण्हली.

"भरलेला हाय ना?" जगनची आय लांबूनच.

"काठोकाठ," शाल्मली म्हणाली. वकिलीण बाय ती, तिच्या शब्दावर कोण बोलणार?

आम्ही हंडा आत नेला. बाहेर आले तर पोश्या धापा टाकत तिथंच.

"आता?"

"आता इचार."

"काय इचारू?"

"ही पोर इचारते तसं."

त्यानं जमिनीकडं बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "फागे... बसशील काय माझ्यासंगं मांडवात?"

"बघते," म्हटलं. रंगूनं मला मागून असा चिमटा काढला! "बसते, बसते."

त्याच पाण्यात सकूनं हळद कालवली. मी पिवळी, पोश्या पिवळा, लाडक्या-सुकरी पिवळी, आणि शेवटी रंगू-जगन. ऊन मांडवावर आलं तवा सगळं घर पिवळं. जगन आता मोखाड्यात नळावर हंडा घेऊन रांगेत उभा असतो. त्याची आय अजून मला शिव्या देते. शाल्मलीला तिच्या कॉलेजात इचारलं म्हणे, जबरदस्तीचं लग्न थांबवलं काय? ती म्हणाली, "नाही सर. मी नवरीची करवली होते."

झालं. आता जरा तंबाखू...

ही डबी का उघडत नाय? नखानं बी नाय? अरे देवा.

बरं बाबा, सांगते! हंडा रिकामा होता. तळाला एक पिंपळाचं पान, बस. शेवटच्या कातळावर डोकरा घसरला आणि सगळं पाणी अंगावर घेतलं. तो घाम नव्हता. मी हात लावला तर हंडा पिसासारखा हलका. मी शाल्मलीकडं बघितलं, तिनं आत बघितलं, आणि माझ्या आधी तीच कण्हली, "बापरे!" हळद कालवली ती तिच्या बाटलीतल्या विकतच्या पाण्यात. पोश्याला अजून वाटतं, खाली थोडं तरी उरलं होतं. वाटू दे.

टक! बघा, उघडली. म्हंजे वाघ आणि माकडं खरी.