भोंगेवाला कपाटात शिरतो

भोंगेवाल्याचं काम असं, की मोठमोठ्या ऑफिसांत जायचं, शिडी लावायची, छताला चिकटलेल्या आगीच्या भोंग्याखाली थोडासा धूर सोडायचा आणि तो किती धुराला बोंबलतो ते वहीत लिहायचं. बावीस वर्षं हेच. त्यामुळे माणसंही त्याला भोंग्यासारखीच वाटायची. कोण किती धुराला बोंबलेल, हे आधी बघून ठेवलेलं बरं.

सगळ्यात कमी धुराला बोंबलणारा भोंगा त्याच्या घरातच होता. ताई. तो ताई-भावजींकडेच राहायचा. त्याचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तेव्हा ताईने ते शेजारीपाजारी, भावजींच्या ऑफिसात आणि चुकून नंबर लागलेल्या एका गृहस्थालाही सविस्तर सांगितलं होतं. तो गृहस्थ अजून अधूनमधून तब्येत विचारायला फोन करतो.

तर अशा घरात राहणाऱ्या या माणसाच्या डोक्यात दोन महिने झाले, मरायचे विचार येत होते. रोज सकाळी, दात घासताना. सांगायचं कुणाला? तो धड जेवेना, धड बोलेना, म्हणून ताईनेच त्याला समुपदेशक मॅडमकडे धाडलं.

पहिल्याच मंगळवारी मॅडमनी नियम सांगितला. इथे बोललेलं इथेच राहतं, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र कुणाला तरी सांगावं लागेल. भोंगेवाल्याने मान डोलावली आणि त्यातलं 'सांगावं लागेल' तेवढं घरी घेऊन गेला. कुणाला तरी म्हणजे ताईला. ताईला म्हणजे त्या चुकीच्या नंबरवाल्यालासुद्धा.

मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. मॅडमखाली धूर सोडून बघायचं ठरवलं.

दुसऱ्या मंगळवारी चिमूटभर सोडला. हल्ली कंटाळा येतो म्हणाला. मॅडम शांत. मग जरा वाढवला. कधीकधी वाटतं, कुठेतरी निघून जावं. कुठे, असं मॅडमनी विचारल्यावर त्याची जी तंतरली, की तो थंड हवेच्या ठिकाणी म्हणाला. उरलेला अर्धा तास थंड हवेच्या ठिकाणांवर गेला.

तिसऱ्या मंगळवारी मॅडमना उचकी लागली होती. भोंगेवाल्याने मनाचा हिय्या केला आणि म्हणाला, आमच्या साहेबांची मीटिंग ऐकण्यापेक्षा मेलेलं बरं. वर हसूनही दाखवलं. मॅडम हसल्या नाहीत. त्याच्याकडे एकटक बघत त्या टेबलाच्या खणाकडे वाकल्या.

झालं. खणात बटण असणार. बटण दाबलं की दोन धिप्पाड माणसं येणार आणि त्यांच्या मागून ताई. भोंगेवाला ताडकन उठला, दार उघडलं, पलीकडे गेला आणि दार धाडकन लावून घेतलं. फक्त ते बाहेरचं दार नव्हतं. भिंतीतलं कपाट होतं. आत फायली, एक बादली, एक घडीची खुर्ची आणि आता तो. आतून दाराला मूठ नव्हती.

बाहेरून एक उचकी ऐकू आली.

मॅडमनी टकटक करून विचारलं, उघडू का. तो नको म्हणाला. खणातून पाण्याची बाटली काढत होते हो, असं त्या म्हणाल्या, तेव्हा तर त्याला बाहेर यायची जास्तच लाज वाटायला लागली. मग मॅडमच दारालगत जमिनीवर बसल्या. खालच्या फटीतून त्यांच्या चपला दिसत होत्या.

"एक सरळ विचारते," त्या म्हणाल्या. "जीव द्यायचे... हिक्... विचार येतात का तुम्हाला?"

भोंगेवाल्याला आधी हसूच फुटलं. हसताना पाय बादलीत गेला, आणि पाय सोडवताना तोंडातून निसटलं.

"हो."

तो कानोसा घेत राहिला. बटण नाही, फोन नाही. मॅडम एकेक विचारत गेल्या. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलंय का, आज घरी कोण आहे. त्याने सगळं सांगितलं. ठरवलं काहीच नव्हतं. विचार येऊ नयेत म्हणून दोन दिवस दातच घासले नव्हते, म्हणून तर आज आल्या आल्या तो मॅडमपासून खुर्ची लांब ओढून बसला होता.

"आता तुम्ही ताईला सांगणार," तो म्हणाला.

"विचार येतात म्हटलं की मी लगेच फोन नाही लावत. हिक्. आज-उद्यात तुम्ही स्वतःला काही करून घ्याल असं वाटलं, तर लावेन. आधी तुम्हाला सांगून. आणि जीव वाचवायला लागेल तेवढंच बोलेन."

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"सांगितलं होतं. तुम्ही छताकडे बघत होतात."

"तुमचा भोंगा जुना झालाय. बदलून घ्या."

घेते, म्हणाल्या. मग दाराखालून एक चिठ्ठी आत सरकवली. केव्हाही लावता येईल असा मदतीचा नंबर होता त्यावर. पुढची भेटही मंगळवारची नाही, परवाचीच ठरली. पण घरातल्या एकाला तरी हे माहीत हवं, असं त्यांचं मत पडलं. कुणाला आणि किती सांगायचं, ते त्याने ठरवावं.

भोंगेवाल्याने अंधारात बराच विचार केला. भावजींना सांगणं म्हणजे ताईलाच सांगणं, मधे फक्त एक जेवण. त्याने खिशातून फोन काढला आणि ताईला लावला.

"ताई, एक सांगायचंय. तुझ्याजवळच राहिलं पाहिजे."

"मोठ्याने बोल, मिक्सर चालू आहे."

हे काही मोठ्याने बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "मिक्सर बंद कर."

जन्मात कधी कुणासाठी ताईने मिक्सर बंद केला नव्हता, ती त्याच्या वरताण ओरडायची. घरघर थांबली. भावजींना बाहेर पाठवू का, ताईने विचारलं. पाठव म्हणाला. दार लागल्याचा आवाज आला, मग स्टूल ओढल्याचा.

"हं, बोल रे," ताई म्हणाली. इतक्या हळू, की त्याला फोन कानावर दाबावा लागला.

"मॅडम," भोंगेवाला म्हणाला, "आता उघडा. इथे रेंज कमी आहे."