तीन सेकंदांत रिंग

मी तोंडाची फटकळ. आमच्या उपग्रह-फोन कंपनीच्या ऑफिसात माझ्या बोलण्यातून कोणी सुटत नाही. पण ही चूक माझी, तेव्हा आज बोलणी मलाच.

भर समुद्रातल्या बोटीवरून उपग्रहामार्गे फोन लावला, की इकडे रिंग वाजायला अकरा सेकंद जायचे. "कोण?" "मी." "जोडू का?" "जोड." अशा यंत्रायंत्रांतल्या निरोपांच्या खेपा आकाशात वर-खाली चालायच्या आणि तोवर माणूस कंटाळायचा. मी खेपा कमी केल्या: आधी रिंग, आवाजाची वाट मागाहून. तीन सेकंदांत रिंग! साहेबांनी पाठ थोपटली. रिंगनंतर आवाज कधी पोचतो, ते मात्र आम्ही मोजलंच नाही. चाचणीत फोन उचलणारे आम्हीच. उचलून निवांत थांबायचो.

माझा दादा बोटीवर इंजिनियर. बाबांशी त्याचा दोन वर्षं अबोला. बाबांना हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा मी हात धुऊन त्याच्या मागे लागले, "एकदा फोन कर रे, नाक कापलं जात नाही तुझं!" "बघू," म्हणून त्यानं विषय बदलला. चौथ्या दिवशी बाबा गेले.

पंधरवड्यानं त्याचा फोन आला. "तुझं ऐकून तीनदा केला होता फोन. 'हॅलो, हॅलो' म्हणाले. मी म्हटलं, 'बाबा, मी.' लगेच ठेवला. तिन्ही वेळा. जाताना तरी राग सोडायचा!"

ऑफिसात जाऊन नोंदी काढल्या. तीन कॉल, पुढे शेरा: यशस्वी. बाबांचा आवाज बोटीवर लगेच पोचला होता. दादाच्या आवाजाची इकडची वाट मात्र फोन उचलल्यावर पाच सेकंदांनी उघडायची. आणि बाबा दोनदा हॅलो म्हणून फोन ठेवायचे, जन्माची सवय.

गप्प बसता आलं असतं. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. पण मला ते सहन होईना. मी फोन लावला.

"दादा, तुझा आवाज बाबांना ऐकूच गेला नव्हता. माझ्या कामात खोट होती. घाल मला शिव्या."

तो रडायला लागला. "म्हणजे राग नव्हता त्यांचा?"

"नव्हता रे."

"मग त्यांना काय वाटलं?"

खोटं बोलावं असं फार वाटलं.

"रोज मला विचारायचे," मी म्हणाले, "'त्याच्याकडे माझा नंबर आहे ना गं?'"