अवेळी वाजले मी

मी एक ओतीव लोखंडाची घंटा. चर्चमधल्या घंटेचा तोरा माझ्यात नाही. आयोवातल्या टॉर्गर्सन कुटुंबाच्या शेतावर, अंगणातल्या खांबावर बसून घरच्या माणसांना जेवायला बोलावणं, एवढंच माझं काम. बोलायची मला भारी हौस. पण सध्या माझा लोलक तारेनं करकचून बांधून टाकलाय. तेव्हा हे सगळं मी मनातल्या मनात बोलतेय असं समजा.

हिल्मर पाळण्यात होता तेव्हा त्याच्या बापानं मला कॅटलॉगमधून मागवलं. मी भुशात गुंडाळून रेल्वेनं आले. खांबावर चढवताना दोन गड्यांना घाम फुटला होता. म्हणजे हिल्मरला मी लंगोटापासून ओळखते. पुढं त्यानं व्हेर्नाशी लग्न केलं आणि माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले.

काय बाई होती! बाराच्या ठोक्याला ॲप्रनला हात पुसत यायची, दोर ओढायची, आणि वाजवून झालं की माझ्या काठावर तळहात ठेवून मला शांत करायची. सुरुवातीला शेतात घोडे होते. माझा आवाज सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचा. नांगर ओढता ओढता अर्ध्या वाटेतच थबकायचे. पुढं ट्रॅक्टर आला आणि पंचाईत झाली, कारण त्या धडधडीत मी ऐकू जाईना. मग हिल्मर बारा वाजायच्या सुमाराला प्रत्येक फेरीच्या टोकाशी इंजिन बंद करून घराकडे कान लावायचा.

"अरे, बायकोच्या हाकेसाठी दर फेरीला इंजिन बंद करायचं आणि परत चालू करायचं," रस्त्यापलीकडचा डेल्बर्ट त्याला चिडवायचा. "त्यापेक्षा घरीच बस की गड्या, तिच्या पदराला धरून!"

"तिच्या हातचे बटाटे एकदा खाऊन बघ," हिल्मर म्हणायचा, "तूही इंजिन बंद करशील."

माझा एक नियम होता आणि तो सगळ्या पंचक्रोशीला पाठ होता. बारा वाजता वाजले तर जेवण. इतर कुठल्याही वेळी वाजले तर संकट. मग ज्याच्या कानावर आवाज जाईल त्यानं हातातलं टाकून धावत यायचं. भांडण असलं तरी यायचं.

एकदा दुपारी तीन वाजता वाजले मी. व्हेर्नाचा सहा वर्षांचा रॉजर खेळता खेळता मक्याच्या कोठारात उतरला आणि सरकत्या दाण्यांत छातीपर्यंत रुतला. जितका धडपडेल तितका खाली जात होता. व्हेर्नानं मला अशी वाजवली की खांब हलला. हिल्मर शेतातून आला, डेल्बर्ट कुऱ्हाड घेऊनच आला. दोघांनी कोठाराच्या फळ्या फोडल्या. मका भसाभसा बाहेर सांडला आणि त्याबरोबर रॉजरही, तोंडभर धूळ घेऊन भोकाड पसरत.

"रडतोय म्हणजे जिवंत आहे!" असं म्हणून डेल्बर्टनं कुऱ्हाड खाली टाकली. त्या दिवसापासून तो पोरगा मी माझाच मानला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच कार्ट्यानं गंमत म्हणून माझा दोर ओढला. व्हेर्नानं त्याचा कान असा पिळला की बस्स! "खबरदार! हिला खोटं बोलायला लावलंस, तर खरं बोलेल तेव्हा कोण धावून येईल रे?" पुन्हा त्यानं माझ्या दोराला हात लावला नाही.

दिवस गेले. रॉजर शहरात नोकरीला लागला, व्हेर्ना गेली. मला कुणी वाजवेना. स्वतःला जेवायला बोलावण्यासाठी कोण घंटा वाजवतो? हिल्मर मोरीपाशी उभ्या उभ्या चीज आणि पाव खायचा. पण बारा वाजले की वेडा अजून इंजिन बंद करायचा आणि घराकडे बघत राहायचा.

रॉजर दर महिन्याला येऊन एकच धोशा लावायचा: बाबा, वृद्धाश्रमात चला. त्याची काळजी खोटी नव्हती, हे मी कबूल करते. हिल्मर दोनदा पडला होता, एकदा शेगडी तशीच जळत राहिली होती. पण हिल्मरचं उत्तर ठरलेलं. पेरणी होऊ दे, मग बघू. कापणी होऊ दे, मग बघू.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी रॉजर आला. बापाचे कपडे भरून बॅग गाडीत ठेवली. हिल्मर लांबच्या शेतात गुडघे टेकून, मक्याला कोंब फुटलेत का ते माती उकरून बघत होता. रॉजरनं घड्याळ बघितलं. तीन वाजले होते. मग तो माझ्याकडे आला. मला वाटलं, जुनी आठवण आली असेल. त्यानं माझा दोर धरला आणि ओढला.

काय करू? ओढलं की वाजणं माझ्या नशिबात आहे.

चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा धावत आला हो! टोपी वाटेत पडली, एक बूट ओल्या मातीत रुतून राहिला. पाठोपाठ डेल्बर्टचा ट्रक आला. तोही ऐंशीचा, हातात फावडं आणि दोरखंड.

"कोण? कुणाला लागलंय?" हिल्मरला श्वास पुरत नव्हता.

"कुणाला नाही, बाबा. आश्रमात आज खोली रिकामी आहे. तुम्ही एरवी आला नसता."

डेल्बर्टनं फावडं ट्रकमध्ये टाकलं. "पोरा, हिच्या आवाजावर आम्ही तुला मक्यातून उपसून काढला होता," एवढं म्हणाला आणि मान फिरवून उभा राहिला.

मी अजून घुमत होते. हिल्मर जवळ आला आणि व्हेर्ना ठेवायची तसा माझ्या काठावर तळहात ठेवून त्यानं मला गप्प केलं. मग एका बुटानिशी गाडीत जाऊन बसला. मागं वळून बघितलं नाही.

पोटच्या पोरानं बापाला फसवलं ते फसवलं, आणि वर माझ्या तोंडून फसवलं. हे मी कसं विसरू?

रॉजरनं मला खांबावरून उतरवून नेलं; आता मी त्याच्या शहरातल्या घराच्या बागेत असते. मला हिरवा रंग दिलाय, खाली फुलांच्या कुंड्या मांडल्यात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून लोलक बांधलेला. फक्त नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला, म्हणजे टर्कीच्या सणाला, रॉजरच्या बायकोनं हौसेनं तार सोडली आणि बरोबर बारा वाजता मला वाजवलं. पाहुणे हसत टेबलाकडे गेले. त्या दिवसापुरता आश्रमातून आणलेला हिल्मर मात्र खिडकीशी खुर्चीत बसूनच राहिला.

"बाबा, चला ना, जेवण तयार आहे," रॉजर म्हणाला. "घंटा ऐकली नाही का?"

"ऐकली," हिल्मर म्हणाला. "पण जेवण तयार आहे असं ती म्हणतेय ना? मग नसेल झालं."

संध्याकाळी रॉजरनं गुपचूप येऊन माझा लोलक पुन्हा तारेनं बांधला. बरं केलंस, बाळा. आता सोडू नकोस.