चौदा जणांची मॅडम

"टीम नाहीये आत्ता, मॅडम. तुम्हीच लिहून दाखवायचंय," लॅपटॉपच्या पडद्यावरून अश्विन म्हणाला. मुलाखत घेणारा हा अश्विन म्हणजे अगदी कालपरवाचा पोरगा.

दिव्यानीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं, "हे मी टीमकडून करून घेईन." सहा वर्षं हेच तर करत आली होती बिचारी! पुण्याच्या कंपनीत हाताखाली चौदा जण, दिवसभर मीटिंगा, आणि कुणाचं काम कुठवर आलं याचे तक्ते. मग कंपनीनं माणसं कमी केली, आणि पहिल्या यादीत मॅनेजरच निघाले. आता पाच महिने ती चामोर्शीजवळच्या आपल्या गावी होती. ही सातवी मुलाखत. घरात नेटवर्क फक्त माळ्यावर येई, म्हणून धानाच्या पोत्यांना टेकून बसली होती.

काम तसं साधंच. एका यादीत दोनदा आलेली नावं शोधणारा प्रोग्राम लिहायचा. एके काळी असलं काही ती बोलता बोलता हातावेगळं करी. गडचिरोलीच्या कॉलेजात तर अडलेली पोरं तिच्याच बाकाभोवती गोळा व्हायची. आज दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या.

"घाई नाही, मॅडम."

त्याचा तो समजूतदारपणाच तिच्या जिव्हारी लागला. त्यापेक्षा ओरडला असता तर परवडलं असतं!

वीस मिनिटांनी तो म्हणाला, "कळवतो आम्ही." त्याचा अर्थ तिला कुणी सांगायला हवा होता थोडाच? इतकी वर्षं तीच लोकांना असं कळवत होती.

ती खाली उतरली तेव्हा आई, कुंताबाई, धानाच्या रोवणीवरून येऊन पायाचा चिखल धूत होती. पोरीच्या हाताखाली चौदा माणसं आहेत, हे गावभर तिनंच सांगितलेलं.

"जमलं का वं?"

"नाई, माय."

"काऊन? तू तं येवढ्या लोकायले काम सांगत होती ना!"

"सांगतच राह्यली वो. करनं राहून गेलं." दिव्यानी रडायलाच लागली. "मले येत होतं हे सारं, माय. बहुत चांगलं येत होतं."

कुंताबाई बघतच राहिली. नोकरीसाठी रडणं तिला कळलं असतं. पण ही तर गेलेल्या माणसाची आठवण काढावी तशी रडत होती. तिनं चूल पेटवली.

डोळे पुसून दिव्यानी पुन्हा माळ्यावर गेली आणि तोच प्रोग्राम लिहायला बसली. चालवून पाहिला, पडद्यावर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. एक ओळ बदलली, परत लाल.

कुंताबाई चहाचा कप सांभाळत शिडीवर अर्धी चढली. "आता काय करून राह्यली वं?"

"चुकून राह्यली, माय," पडद्यावरची नजर न काढता दिव्यानी म्हणाली. "माझी मीच."

कुंताबाईनं कप हळूच पोत्यावर ठेवला आणि पायांचा आवाज न करता ती खाली उतरली.