मोहाखाली मागितलेलं

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, तशी तुलसानं टोपली टाकली आणि ती मोहाच्या झाडाखाली गुडघे टेकून बसली. डोळे गच्च मिटले. अस्वलासमोर डोळे मिटायचे नसतात, हे इटियाडोहच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण येशूवर विश्वास ठेवल्यापासून भीती वाटली की प्रार्थना, एवढंच तिला ठाऊक. रविवारच्या सभेत पास्टर सांगायचे, देवानं आपल्याला निवडलंय, निवडलेल्यांना तो सोडत नाही.

"बापा, मले वाचव," ती पुटपुटत राहिली.

घरघर अगदी जवळ आली. मग पत्र्यावर दगड आपटू लागला, आणि त्यावर सोबत आलेल्या शेजारणीच्या, सुमनबाईच्या ठेवणीतल्या शिव्या.

सगळं शांत झाल्यावर तुलसानं डोळे उघडले. अस्वल नव्हतं. सुमनबाई तिला पाठीशी घालून उभी होती. एका हातात चेपलेला पाण्याचा डबा, दुसऱ्यात दगड.

"गेलं?"

"गेलं वाटते. ऊठ."

"देवानं वाचवलं, सुमनबाई."

"हो ना." सुमनबाईचं घर बौद्ध, देवाच्या भानगडीत ती पडत नसे.

"तू काऊन पळाली नाही?" तुलसानं विचारलं.

"तू डोळे मिटून बसलेली. तुले टाकून कशी पळू?" बोलता बोलता ती मटकन खाली बसली. मग जरा लाजतच म्हणाली, "तुलसा, देवाले मांगून राहिली होती, तं माझं नाव घेतलं का?"

तुलसाला हो म्हणायला काय लागत होतं? सुमनबाईला काय कळणार होतं? पण जो ऐकत होता, त्याला कळलं असतं.

"नाही. माझंच घेतलं."

सुमनबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चाल लवकर. ते फिरून येईन."

पायवाट एका माणसापुरती होती, आणि अस्वल मागच्या बाजूला. सुमनबाई मागं राहायला लागली, तेव्हा तुलसानं तिला धरून पुढं घातलं. थोडं अंतर गेल्यावर पाठीमागं पाचोळा वाजला. तुलसाला धडकी भरली.

"बापा," ती म्हणाली, आणि पुढचे शब्दच सुचेनात. "सुमनबाई... सुमनबाई..."

"काय वं?" सुमनबाईनं विचारलं.

"तुले नाही म्हणत. तू चाल."