बोलमोजा डाव्या हाताचा

टेक पहिला

"नमस्कार मंडळी. मी बंड्या. बुधावरचा. ज्याच्या हातात तो मोजा होता, तो मी. बाकीचे सगळे नंतर आले."

कट. शेवटचं वाक्य जरा झोंबेल. पण झोंबायला नको असेल तर भाषण करायचं कशाला?

हे भाषण कल्पेश हिंदमाता मार्केटमधल्या साडीच्या दुकानात, गादीवर बसून, मनातल्या मनात करत होता. "पदर बघा ताई, सगळं काम पदरावर आहे," असं तोंड बोलत होतं, हात घडी मोडत होते आणि डोकं मात्र रविवारच्या स्टेजवर उभं होतं.

रविवारी त्यांच्या गिरगावातल्या पोफळवाडीत विनीतचा सत्कार होता. विनीत म्हणजे तळमजल्यावरच्या शांतामावशीचा मुलगा, आता इंजिनीअर. त्याने बोलणारा हातमोजा बनवला होता. ज्यांना बोलता येत नाही अशांनी तो घालायचा, बोटं हलवायची, आणि मोजा बोलतो. टीव्हीवर मुलाखत झाली. कल्पेशने ती मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली की बायकोला पाठ झाली.

"आवडत नाही तर बघतोस कशाला परत परत?" अनुजा म्हणाली.

"कुठे चुकतोय ते बघतोय."

आणि विनीत चुकला होता. कल्पना कशी सुचली, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "लहानपणी रविवारी सकाळी एक मालिका लागायची, 'बुधावरचा बंड्या'. बुधावर हवा नाही, म्हणून तिथली माणसं तोंडाने नाही, हाताने बोलतात. बंड्या पृथ्वीवर येतो तेव्हा बोलमोजा घालतो. आणि तो डाव्या हातात असायचा! उजवा हात कामाला मोकळा राहावा म्हणून. काय दूरदृष्टी होती त्या लोकांची! मीसुद्धा डावाच केला."

बस. बंड्याचं नाव आलं. बंड्याचं काम कोणी केलं होतं, ते आलं नाही. दोन मिनिटं जास्त लागली असती का?

मागे जाऊन

बंड्याचं काम कल्पेशने केलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी पाहिलं आणि नेलं. अख्खी मालिका त्याच्या खांद्यावर, मोज्याचा आवाजही त्याचाच. दर रविवारी वाडीत टीव्हीसमोर पोरं दाटीने बसायची आणि खरा बंड्या मध्ये. वडील, दौलत, बसमध्ये कंडक्टर. ते तिकीट फाडताना सांगायचे, "आमचा तो. हो, तोच." तो आवाज मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत जायचा.

मोजा कल्पेशच्या आईने, मंजुळाने शिवला होता. ती ब्लाउज शिवायची. निर्मात्याने पैसे वाचवायला तिलाच सांगितलं. हिंदमाताहून तिने चंदेरी तुकडा आणला. त्याची चमक एकाच बाजूला होती. घाईत तिने कापड उलटं अंथरलं, त्यावर माप ठेवलं आणि कापलं. शिवून सुलट केलं तर उजव्याचा डावा झाला. दुसरं कापड नाही, लाइट लागलेले, दिग्दर्शक घड्याळ बघत उभा. "डावा तर डावा," तो म्हणाला. "बुधावर तसंच असतं."

ही ती दूरदृष्टी!

शूटिंग संपल्यावर मोजा घरी आला. वाडीच्या खेळात कल्पेश बंड्या व्हायचा आणि विनीत कायम पृथ्वीवरचा माणूस, ज्याला काहीच कळत नाही. विनीत रोज मागायचा, "एकदा घालू दे रे. एकदाच."

"बंड्या एकच असतो," कल्पेश म्हणायचा.

पुढे मालिका बंद झाली, कल्पेशचा आवाज फुटला, दुसरं काम आलं नाही. मोज्यात आईने चिंध्या भरल्या आणि गरम टोप उतरवायला घेतला. एक दिवस तो जळला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. कल्पेशलाही नाही. वाटलं ते आता, मुलाखत पाहिल्यावर.

टेक दुसरा

"मंडळी, आपले विनीतराव थोर शास्त्रज्ञ आहेत. पण त्यांच्या शोधाचा पाया काय, सांगू? माझ्या आईची एक चूक."

हे बरं होतं. हशा येईल. विनीतचा चेहरा बघण्यासारखा होईल. कल्पेशने हेच पक्कं केलं.

मंडळाचे सेक्रेटरी गुणाजी घरी आले तेव्हा तो एवढा गोड बोलला की अनुजाने चहा ओतताना वळून पाहिलं.

"बंड्या म्हणून दोन शब्द बोल रे," गुणाजी म्हणाले. "आणि तुझ्या बाबांना खाली आणू या. विनीतनेच सांगितलंय. दौलतकाकांना आणाच म्हणतो."

दौलत कॉटवर पडले होते. दिवाळीच्या आसपास त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं. तोंडातून मात्र ब ब एवढंच यायचं, आणि डाव्या हाताने लिहायला दिलं तर नुसत्या रेघोट्या. डाव्या हाताचं बोट ते सारखं वर, छताकडे करायचे आणि डोळे मोठे करायचे. मंजुळा लगेच हात जोडायची. "देव आठवता रे त्यांका. वरच्याचा बोलावणा इलासा वाटता." मग ती उदबत्ती लावायची, आणि दौलत रागाने भिंतीकडे तोंड करायचे.

"बाबांना कशाला तमाशात?" कल्पेश म्हणाला.

त्याच्या मनात होतं ते वेगळंच. मोजा बाबांना लागू पडला तर? वाडीसमोर बाबा विनीतच्या मेहेरबानीने बोलले तर? मुलाखत आल्यापासून अनुजा म्हणत होती, विनीतला एक फोन कर. तो 'करतो' म्हणत होता. नंबर मोबाइलमध्ये होता.

आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी फोन होत नव्हता.

टेक तिसरा, म्हणजे प्रत्यक्ष

रविवार सकाळ. वाडीच्या चौकात मांडव, शाल, नारळ, माइकची शिट्टी. पोरांनी दौलतना खुर्चीसकट जिन्याने खाली आणलं. ते करायला गुणाजींनी कल्पेशची परवानगी विचारली नाही.

विनीतला टक्कल पडलं होतं. कल्पेशला तेवढंच जरा बरं वाटलं.

"आणि आता आपला बंड्या!" गुणाजी माइकवर ओरडले. टाळ्या पडल्या. त्या ऐकून कल्पेशची छाती क्षणभर पूर्वीसारखी झाली. त्याने माइक घेतला आणि सगळं सांगितलं. उलटं कापड, दिग्दर्शकाचं घड्याळ, 'डावा तर डावा'. शेवटी विनीतकडे वळून म्हणाला, "तर ही दूरदृष्टी, साहेब! आमच्या आईला घाई होती म्हणून तुमचं मशीन डावखुरं झालं."

चौक हसला. शांतामावशी पदर तोंडाला लावून हसली. मंजुळाने खाली मान घातली. इतक्या वर्षांनी, भर चौकात, कापताना चुकल्याचं निघावं, याची तिला लाज वाटली. कल्पेशने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

विनीत हसला नाही. तो खुर्चीवरून उठला, स्टेज उतरला आणि सरळ मंजुळासमोर जाऊन वाकला.

"काकी, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. गुणाजींनी कल्पेशकडचा माइक नेऊन विनीतच्या तोंडाशी धरला होताच. "मी उगाच मोठमोठी कारणं देत होतो. सुरुवातीला मला सगळे म्हणाले, डावा कशाला? उजवा कर, विकला जाईल. मी हट्टाने डावाच ठेवला, कारण बंड्याचा डावा होता. मग हॉस्पिटलात घेऊन गेलो. झटक्याने वाचा गेलेली माणसं बघितली. त्यांच्यात कितीतरी जणांचा उजवा हातच गेलेला असतो. डावा तेवढा हलतो. उजवा मोजा केला असता ना काकी, तर त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता."

चौकात टाळ्या पडल्या. कल्पेशला पडल्या होत्या त्याहून मोठ्या. त्या मंजुळाला होत्या. म्हातारी रडत रडत हसत होती आणि "अगो बाय माझे" म्हणत विनीतच्या टकलावरून हात फिरवत होती.

कल्पेश रिकाम्या हाताने स्टेजवर उभा. आतापर्यंत तो एकाच माणसावर जळत होता. आता आईवरही जळू लागला. चूक तिची, गोष्ट सांगितली त्याने, आणि टाळ्या?

कट, कट. पण प्रत्यक्षात कट म्हणायला कुणी नसतं.

विनीतने सोबत आणलेल्या खोक्यातून मोजा काढला. राखाडी, साधा, मनगटाशी छोटी डबी. चंदेरी नव्हता. "काकांना घालू?" त्याने विचारलं, आणि विचारलं ते कल्पेशला. सगळ्या चौकाने कल्पेशकडे पाहिलं. नाही कसं म्हणणार?

"घाल," तो म्हणाला.

विनीत दौलतांपुढे उकिडवा बसला. मोबाइलवर अक्षरं होती. तर्जनी वाकवली की पुढचं अक्षर, अंगठा दाबला की ते पक्कं. दौलतनी दोनदा करून बघितलं, मान हलवली. मग त्यांचं बोट चालू लागलं. सगळी वाडी वाकून बघत होती.

"प," मोजा म्हणाला.

कल्पेशने स्टेजवरून उडी मारली. तो आवाज त्याचा होता. फुटायच्या आधीचा. बंड्याचा.

"पाणी! पाणी आणा रे!" गुणाजी.

दौलतनी डोळे वटारले. बोट पुढे सरकलं.

"पं," आवाज म्हणाला.

"पंचांग?" शांतामावशी.

"मावशी, त्यांना पंचांग कशाला हवं?"

"पंखा," मोजा म्हणाला.

कुणीतरी धावत जाऊन स्टेजचा टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. दौलतनी असा काही हात झाडला की मोजा निघता निघता राहिला. मग पुन्हा बोट, पुन्हा अंगठा. घामाघूम होईपर्यंत.

"घरचा. ढिला. पडेल. डोक्यात."

मंजुळाने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! वर बोट करीत होते ता पंख्याकडे? आनी मी मेली उदबत्ती लावीत बसलंय!"

चौक फुटला. पोटं धरधरून माणसं हसली. दौलतसुद्धा अर्ध्या तोंडाने हसले.

"आवाज कुठून आणलास?" कल्पेशने विनीतला बाजूला ओढून विचारलं. दात आवळलेले.

"टेपवर होता. टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून मी सगळे भाग भरून घेतले होते, त्यावरून हा तयार केला." विनीत जरा ओशाळला. "बाकी मोज्यांत दुसरा आवाज असतो. हा एवढाच एक, काकांसाठी. तुला विचारणारच होतो. फोन केला होता दोनदा. तू घेतला नाहीस."

घेतला नव्हता. स्क्रीनवर नाव बघून उशीखाली सारला होता.

घरी

खोलीत कल्पेश स्टुलावर चढला. पंख्याच्या दांड्याला हात लावला तर तो हातातच हलला. आतली खिळी झिजून धाग्याएवढी उरली होती. त्याखाली कॉट. कॉटवर उशी. उशीवर वडिलांच्या डोक्याचा खळगा.

त्याने दोन्ही हातांनी पंखा धरला. खालून विनीतने स्टूल धरलं. "सावकाश," तो म्हणाला. कल्पेशला तेही आवडलं नाही.

पंखा जमिनीवर आला. अनुजाने चहा केला. दौलत खुर्चीत बसून अक्षरं शोधत होते आणि कल्पेशचा लहानपणीचा आवाज घरभर हुकूम सोडत होता. "साखर." "खिडकी." "विनीतला बिस्कीट." मंजुळा प्रत्येक हुकमाला "हो रे राजा" म्हणत होती. नवऱ्याला की त्या आवाजाला, ते तिचं तिला माहीत. कल्पेश तिथेच उभा होता. त्याला कुणी राजा म्हटल्याला बराच काळ लोटला होता.

थोड्या वेळाने दौलत दमले, त्यांनी हात पुढे केला. विनीतने मोजा काढून मांडीवर ठेवला आणि त्यातला घाम पुसू लागला.

कल्पेश त्याच्याशेजारी येऊन टेकला. खोलीत सगळे होते, म्हणून त्याने आवाज अगदी खाली आणला.

"एकदा घालू दे रे."

त्याला वाटलं, आता हा म्हणेल. म्हणायला हवंच. किती वर्षं साठवून ठेवलं असेल! बंड्या एकच असतो, एवढंच म्हणायचं होतं. कल्पेशने त्यासाठी जबडा घट्ट करूनही ठेवला होता.

"घे ना," विनीत म्हणाला, आणि मोज्याची बोटं नीट सरळ करून तो कल्पेशपुढे धरला.

ते कल्पेशला सहन झालं नाही.