बाईंचा जंतू

"दोरी ढिली सोडा ताई, बाटली कलंडू दे. उभी राहिली तर नुसता फेसच येईल वर," लंबू म्हणाला.

बाईंच्या मुलीने दोरी ढिली सोडली. मुलांच्या वॉर्डामागच्या गटाराचे झाकण लंबूने कांबीने उचकटून बाजूला सरकवले होते आणि दोघे त्या भोकाशी उकिडवी बसली होती. ट्रॉली ढकलत चाललेला एक वॉर्डबॉय क्षणभर थांबला. अंगठी पडली काय, म्हणाला.

"हो, हिऱ्याची," लंबू मान वर न करता म्हणाला. "उतरतोस?"

तो हसत निघून गेला. बाटली भरून वर आली. लंबूने ती पुसली, पिशवीत गुंडाळली, ती पिशवी आणखी एका पिशवीत घातली आणि मग मुलीला हात धुवायला नळाशी नेले. कोपरापर्यंत धुवा, म्हणाला. हे सांगण्याची त्याची पद्धत हुबेहूब आईची होती. मुलीने लहानपणापासून ती ऐकली होती.

अंगठीपेक्षा लहान आणि हिऱ्यापेक्षा महाग अशी वस्तू ते शोधत होते. आईच्या खुब्याचे ऑपरेशन चांगले झाले होते, पण बसवलेल्या सांध्यावर एका जंतूने ठाण मांडले, तिथून तो रक्तात उतरला आणि एकामागून एक औषध पचवत गेला. शेवटचे औषधही त्याला लागेना तेव्हा आईनेच आपल्या जुन्या प्रयोगशाळेतल्या लंबूला बोलावून घेतले. जंतूंना मारणारे विषाणू असतात, फेज म्हणतात त्यांना. माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. मात्र खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. एका जंतूवर जगणारा फेज दुसऱ्याला तोंडही लावत नाही. आईच्या जंतूला लागू पडेल असा एखादा कुठे असेल, तर तो घाणीतच असणार.

"जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांची शी हुडकली मी," आई उशीवरून म्हणाली होती. "आता तुम्ही माझ्यासाठी हुडका."

ते खरेच होते. तान्ह्यांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून ती लागली आणि तिथेच निवृत्त झाली. थंडी पडली की मुलांचा वॉर्ड भरून जाई. डोळे खोल गेलेली, रडायचेही त्राण नसलेली तान्ही पोरे एकेका खाटेवर दोनदोन. आई चमचे आणि कुप्या घेऊन खाटेखाटेशी जाई आणि लंगोटातले जेवढे मिळेल तेवढे खरवडून आणी. पोरांच्या आया ओशाळून नाकाला पदर लावत, आई लावत नसे. मग विषाणू फोडून त्याचे तुकडे ती जेलीच्या पातळ वडीतून विजेने पळवी, वडी चांदीच्या द्रावणाने रंगवी आणि त्यावर अकरा रेघा उमटत. त्या रेघांमधली अंतरे पाहून यंदा कुठल्या जातीची साथ आहे ते कळे. रात्री जेवताना वडील सावधपणे विचारत, "आज काही विशेष?" आणि आई खरोखरच विशेष सांगू लागे. मग वडील ताट उचलून बाहेरच्या खोलीत जात.

पुढे लस आली. खाटा एकेक करून रिकाम्या होत गेल्या. एका थंडीत आई रिकामा ट्रे घेऊन वॉर्डातून परतली आणि घरी येऊन ओट्याशी उगाचच उभी राहिली. आज काहीच मिळाले नाही, म्हणाली. हसावे की नाही, हे तिच्या चेहऱ्याला कळत नव्हते.

लंबू तिच्या हाताखाली तयार झाला होता. नाव तिनेच ठेवले, आणि आता त्याचे केस पांढरे झाले तरी तेच चालू होते. विभागप्रमुख मॅडम नाही म्हणू शकल्या असत्या. विषाणूची प्रथिने बनवायला या प्रयोगशाळेत निरुपद्रवी जंतू वाढवतात, आणि अशा जागी गटारातले नाना जातींचे फेज मुद्दाम आणणे म्हणजे दुधाच्या कपाटात मांजर सोडणे. पण त्या म्हणाल्या, बाईंसाठी सोडू या. फक्त काम बंद दाराआड आणि सगळे गेल्यावर, संध्याकाळी उरकायचे. सापडला तर पुढच्या परवानग्या मी बघते.

लंबू रोज संध्याकाळी गटाराचे पाणी गाळून घेई. आईच्या रक्तातून वाढवलेला जंतू एका फ्लास्कात घाली, त्यात ते पाणी ओती आणि फ्लास्क रात्रभर हलत्या यंत्रावर ठेवून देई. सकाळी फ्लास्क गढूळ दिसला, की जंतू सुखात आहे. निवळ दिसला, तर त्याला कोणीतरी खाल्ले आहे. रोज गढूळ. मुलांच्या वॉर्डाचे गटार झाले, बायकांच्या वॉर्डाचे झाले, धोबीखान्यामागचे झाले. रोज सकाळी लंबूचा फोन येई आणि तो फक्त "गढूळ" म्हणे. मुलगी शाळेत भूगोल शिकवायची. नदीच्या गाळावर बोलता बोलता ती एकदा मध्येच थांबली आणि पुढचे शब्दच तिला आठवेनात. मुलांना वाटले, बाई फळ्यावर काहीतरी लिहिणार आहेत.

मग एका सकाळी फोन आला नाही, लंबू स्वतःच आला. वॉर्डाच्या जिन्यात भिंतीला टेकून उभा होता. इतका उंच माणूस असा मिटून उभा राहू शकतो, हे मुलीने प्रथमच पाहिले.

त्याने जे सांगितले ते तिला दोनदा ऐकावे लागले. आदल्या संध्याकाळी त्याने थोडेथोडके नव्हे, बाटलीतले सगळे पाणी घातले होते. इतके दिवस थोडे घालून काही निघत नव्हते म्हणून. आणि जागा नव्हती म्हणून तो फ्लास्क आपल्या नेहमीच्या कामाच्या फ्लास्कांच्या रांगेतच ठेवला होता. सकाळी यंत्राचे झाकण उघडले. रांगेतला एक फ्लास्क निवळ. प्रयोगशाळेत निवळ फ्लास्क म्हणजे संकट, आत मांजर शिरले. बघत उभे राहायचे नाही, आधी ब्लीच ओतायचे. त्याचा हात गेला. अर्धी बाटली ओतून झाल्यावर त्याने फ्लास्कावरची चिठ्ठी वाचली.

"ब्लीचमध्ये काही राहत नाही ताई," तो म्हणाला. "मी तरी तासभर बघत बसलो."

आणि ते पाणी? गटारातले कालचे पाणी काल वाहून गेले होते.

आईला सांगायचे नाही, हे मुलीने तिथेच ठरवले आणि तसे बजावलेही. लंबू नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तिचे ऐकले नाही. तो सरळ खाटेशी गेला आणि हात मागे बांधून, एकही शब्द न गाळता त्याने सगळे सांगितले. आईचा श्वास वरवर चालला होता. तिने मध्ये अडवले नाही. शेवटी विचारले, "पूर्ण निवळला होता?"

"आरपार, बाई. पलीकडचा हात दिसत होता."

आईने डोळे मिटले. "म्हणजे आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने डोळे न उघडताच विचारले, "मांडणी पुसून काढलीस?"

"काढली."

"हात?"

"धुतले."

"मग जा. माझ्या खाटेशी उभा राहून काय मिळणार तुला, पाणी आण जा."

तो पाय न वाजवता गेला. मुलगी खिडकीशी उभी राहिली, कारण आईकडे पाहिले असते तर ती काहीतरी बोलून गेली असती. आणि तरी बोललीच.

"तू त्याला काहीच बोलली नाहीस."

"काय बोलू?"

"आई, तुझा जीव होता त्या काचेत."

"निवळ दिसला की ओत, हे मीच शिकवलं त्याला. विचार करत थांबला म्हणून एकदा दिवसभर बोलले नव्हते त्याच्याशी." तिला धाप लागली. "माझंच शिकवलेलं ते, त्याला काय शिव्या देऊ? तुला द्यायच्या तर दे. पण मी झोपल्यावर."

मुलीने दिल्या नाहीत. पण माफही केले नाही. आईने इतक्या सहज ते सोडून द्यावे, एकटीच्या मालकीचे असल्यासारखे, याचा तिला राग आला होता. त्या जिवावर आपलाही थोडा हक्क होता, असे तिला म्हणायचे होते, आणि ते म्हणायला पुन्हा निवांत वेळ मिळाला नाही. लंबू त्याच गटारावर रोज जात राहिला. फ्लास्क रोज गढूळ येत राहिले. पुढच्या आठवड्यात एका दुपारी, मुलगी वर्गात असताना, आई गेली.

सगळे आटोपल्यावर, बऱ्याच दिवसांनी, लंबूचा फोन आला. सापडला, म्हणाला. तो अजून शोधत होता, हेच मुलीला माहीत नव्हते.

ती प्रयोगशाळेत जाणार नव्हती, पण गेली. त्याने जंतू वाढवलेली एक प्लेट उजेडात धरली आणि मग तिच्या हातात दिली. दुधाळ सायीसारखा थर, आणि त्यात टाचणीने टोचावीत तशी स्वच्छ, गोल भोके. एकेका भोकात आईचा जंतू मेलेला होता. किती सहज मेला होता. मुलीला प्लेट हातातून खाली ठेववेना आणि तिच्याकडे पाहवेनाही.

लंबू चाचरत मुद्द्यावर आला. बाईंच्या रक्तातला जंतू शीतकपाटात आहे. मॅडम म्हणाल्या, घरच्यांना विचारल्याशिवाय ठेवायचा नाही.

"ओता की ब्लीच," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं ते."

त्याने तिच्या हातातली प्लेट घेऊन तिला झाकण लावले. तिने जे म्हटले ते तिच्याच कानांत वाजत राहिले.

"ओततो, म्हणाल तर," तो म्हणाला. "पण हा दुसरं काही खात नाही ताई. तो जंतू ठेवला नाही तर याला वाढवायचं कशावर? आणि असला जंतू फक्त बाईंनाच होता असं नाही. कोणीतरी येईल त्या वॉर्डात."

मुलगी स्टुलावर बसली. आईला मारणारा इथे गारव्यात सुरक्षित राहणार, का, तर उद्या दुसऱ्या कोणाची आई वाचावी म्हणून. हे कोणाला सांगितले असते तर पटले नसते. आईला सांगायची गरज पडली नसती.

"ठेवा," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला एकदा दाखवा."

लंबूने जाड हातमोजे चढवले, शीतकपाट उघडले आणि वाफेतून एक करंगळीएवढी कुपी बाहेर काढली. तिच्यावर पांढरे दव धरले होते. मुलीने उघडा तळवा पुढे केला. तो क्षणभर थांबला, मग त्याने कुपी तिच्या हातावर ठेवली.

गारठा आधी चावला, मग बोटे बधिर झाली. आईच्या रक्तावर जे वाढले होते, त्यातले एवढेच या जगात जिवंत उरले होते. तिने मूठ मिटली.

"ताई, द्या," लंबू हलकेच म्हणाला. "वितळेल."

तिने मूठ उघडली.